दक्षिणेच्या सहलीतील दुपारचे चार तास

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की आपल्या दैनिकाच्या आतल्या पानांवर ‘संपूर्ण दक्षिण भारत’ सहलींच्या जाहिराती दिसू लागतात. तिरुपती, कांचीपुरम, महाबलीपुरम, तंजावर, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी आणि जमलेच तर परतीच्या वाटेवर तिरुवनंतपुरम, हा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे ठरलेला आहे. या सहलींना नावे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. परक्या भाषेच्या मुलखात एकट्याने हिंडण्याचे धाडस ज्यांना होत नाही, अशा असंख्य ज्येष्ठांना याच सहलींनी रामेश्वर घडवले आणि त्यांच्या जेवणाखाण्यापासून औषधांपर्यंतची काळजी वाहिली, हे मान्यच करायला हवे. माझे म्हणणे या कार्यक्रमपत्रिकेत रोज रिकाम्या राहणाऱ्या एका जागेविषयी आहे.

तामिळनाडूतील बहुतेक मोठी मंदिरे दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. केरळात तर अनेक ठिकाणी त्याहूनही आधी दार लागते व ते संध्याकाळी पाचपर्यंत उघडत नाही. देवाच्या विश्रांतीच्या या वेळेत पर्यटकाचे काय करायचे, हा सहल-आयोजकांपुढचा जुना प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही तितकेच जुने आहे: जेवण, वामकुक्षी आणि ‘खरेदीसाठी वेळ’. मी ज्या सहलीतून गेलो होतो तिच्यात या शेवटच्या बाबीचा अर्थ असा निघाला की, बस एका ठरावीक दुकानासमोर उभी राही, आत शिरताच थंड पेय हातात मिळे आणि बाहेर पडताना चालकाचा व मार्गदर्शकाचा वाटा आमच्या बिलातूनच वसूल झालेला असे. ते दुकान कोणत्या शहरातले होते हे सांगूनही उपयोग नाही, कारण त्यातला माल कोणत्याही शहरात तोच असता.

हेच चार तास मंदिराभोवतीच्या गावाला आणि त्या गावाला पोसणाऱ्या किनाऱ्याला दिले, तर दक्षिणेची सहल आहे त्याच दिवसांत, जवळजवळ त्याच खर्चात, पुष्कळ सखोल होऊ शकते. दक्षिणेतील मोठे मंदिर एकट्याने कधीच उभे नव्हते. त्याला मूर्ती घडवणारा लागे, देवाची वस्त्रे विणणारा लागे, दिवे ओतणारा लागे, आणि यातल्या अनेकांचा कच्चा माल व कित्येकांचा ग्राहकही बंदरातून येई. आपण गोपुराचे छायाचित्र काढून पुढे जातो तेव्हा या साखळीची एकच कडी पाहिलेली असते.

तंजावरचेच उदाहरण घ्यावे. पहिल्या राजराज चोळाने उभारलेले आणि १०१० साली पूर्णत्वास गेलेले बृहदीश्वर मंदिर आपले लोक विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराची, उंची ऐकून, मान वर करून पाहतात आणि नंदीपाशी छायाचित्र काढून निघतात. उंची सुमारे ६६ मीटर आहे आणि ती थक्क करणारी आहे, यात शंका नाही. परंतु डोळे खाली आणले तर त्या जोत्याच्या ग्रॅनाइटवर कोरलेले तमिळ शिलालेख दिसतात आणि एका मंदिरावर किती जणांची चूल पेटत होती याचा हिशेबच ते मांडतात. दुसऱ्या मंदिरांमधून आणवून वसवलेल्या ४०० नर्तकींची नावे, त्या कोणत्या आळीत, कितव्या घरात राहणार याच्या नोंदींसह तेथे आहेत. त्यांच्या मागोमाग नृत्यगुरू, गायक, वादक, हिशेबनीस, छत्र धरणारे, दिवे लावणारे, सडा घालणारे, कुंभार, परीट, शिंपी, सुतार, सोनार अशी यादी पुढे जाते. प्रत्येकाला किती भात मिळावा हेही ठरवून दिलेले आहे. एखाद्या राजाने आपल्या विजयांइतकीच परटाच्या वेतनाची नोंदही दगडावर करवून घ्यावी, ही गोष्ट मला विमानाच्या उंचीपेक्षा मोठी वाटते.

याच मंदिराच्या आवारात, नैऋत्येकडच्या भिंतीवर, आपल्यासाठी आणखी एक लेख थांबलेला आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी स्थापन केलेल्या तंजावरच्या मराठी राज्याचे सरफोजीराजे (दुसरे) यांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास तेथे मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरवून घेतला. तमिळ देशाच्या मधोमध ओळींमागून ओळी मराठी वाचता येते, आणि तरीही मराठी पर्यटकांचे जथे तिच्याजवळून शंभर पावलांवर वळून बसकडे परततात, कारण दर्शनाच्या रांगेत वेळ गेलेला असतो. जवळच राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. मराठ्यांपूर्वीच्या नायक राजांच्या काळात सुरू झालेला हा संग्रह सरफोजीराजांनी वाढवला. संस्कृत, तमिळ व तेलुगू पोथ्यांबरोबर मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे तेथे मोठ्या संख्येने जपली आहेत, आणि निवडक वस्तू पाहण्यासाठी मांडून ठेवलेल्या आहेत. ज्या तंजावर चित्रांच्या स्वस्त नकला आपण दुकानातून उचलून आणतो, त्या शैलीला बहरही याच मराठी दरबारात आला. फणसाच्या लाकडाच्या फळीवर कापड चिकटवायचे, खडूची भुकटी आणि डिंक यांच्या लगद्याने दागिने व महिरपी उठावदार करायच्या, त्यांवर खडे बसवून सोन्याचा वर्ख चढवायचा, आणि मग रंग भरायचे, हे सारे एकदा समोर पाहिले की सोनेरी कागद चिकटवलेली चौकट विकत घ्यायला हात धजत नाही.

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना स्वामीमलई लागते. मुरुगनच्या, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामींच्या, सहा प्रमुख क्षेत्रांपैकी हे एक. (कार्तिकस्वामींच्या दर्शनाविषयी आपल्याकडे जे संकोच आहेत त्यांचा तिकडे मागमूसही नाही, मुरुगन हा तमिळ घराघरातला लाडका देव आहे.) पंचधातूच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींच्या कार्यशाळा याच गावात आहेत, आणि दुपारचे दोन-तीन तास घालवण्यासाठी सबंध दक्षिणेत याहून चांगली जागा मी तरी पाहिलेली नाही.

काम मापापासून सुरू होते. घडवायच्या मूर्तीच्या उंचीइतकी नारळाच्या झावळीची पट्टी कापून घेतात आणि तिला घड्या घालून तालमानाचे, म्हणजे मूर्तीच्या शास्त्रोक्त प्रमाणाचे, भाग पाडतात. चेहरा किती, धड किती, गुडघ्यापासून पावलापर्यंत किती, हे सारे त्या घड्यांवरून ठरते. देवतेनुसार ताल बदलतो, मूर्तीच्या उंचीनुसार पट्टी बदलते, प्रमाण मात्र ढळत नाही. मग मधमाश्यांचे मेण, राळ आणि शेंगदाण्याचे तेल एकत्र तापवून केलेल्या मऊ द्रव्यातून मूर्ती घडवतात. बोटे, पैंजण, केसांच्या बटा असे बारीक अवयव वेगळे करून गरम सुरीने जोडले जातात. तयार झालेल्या मेणमूर्तीवर कावेरीच्या पात्रातील अतिशय मऊ गाळाचा पहिला लेप बसतो. हा लेप महत्त्वाचा, कारण मेणावरची प्रत्येक रेघ त्यालाच उचलायची असते. तो सावलीत वाळला की जाड मातीचे थर चढतात, मोठ्या मूर्तीला लोखंडी तारांनी आवळले जाते, आणि साचा तापवला की आतले मेण वितळून बाहेर पडते. राहिलेल्या पोकळीत तांबे मुख्य असलेला रस ओततात. थंड झाल्यावर साचा फोडावाच लागतो, त्यामुळे त्याच साच्यातून दुसरी मूर्ती निघू शकत नाही. यानंतर छिन्नी, कानस व पॉलिश यांचे काम आठवडेच्या आठवडे चालते. शेजारी उभे राहून पाहताना लक्षात येते की आपण ज्याला ‘घडवणे’ म्हणतो त्यातला बराचसा भाग ओतून झाल्यानंतरचा असतो.

एका कार्यशाळेत एक तरुण कारागीर बोटभर उंचीच्या मेणाच्या हातावर नखे काढत बसला होता. सुरी निखाऱ्यावर टेकवायची, कापडाला पुसायची, एक नख काढायचे, पुन्हा टेकवायची. आमच्या गटातील एका गृहस्थांनी अधीरपणे विचारले की इतक्या लहान मूर्तीची नखे बघणार कोण. त्याने मान वर न करता तमिळमध्ये काहीतरी सांगितले आणि मार्गदर्शकाने भाषांतर केले, ‘‘ज्याची मूर्ती आहे तो.’’

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात गाळ उदंड असला तरी तांबे मिळत नाही. ते बाहेरून आणावे लागे, आणि म्हणून स्वामीमलईहून निघालेल्या विचाराला किनाऱ्यापर्यंत जावेच लागते. कुंभकोणमला मुक्काम ठेवला तर एका बाजूला दारासुरम अगदी हाकेच्या अंतरावर आहे. दुसऱ्या राजराजाच्या काळातले, बाराव्या शतकातले तेथील ऐरावतेश्वर मंदिर तंजावरच्या तुलनेत लहान, परंतु शिल्पांच्या नाजूकपणात त्याला मागे टाकणारे आहे, असे माझे मत आहे. तंजावर, गंगैकोंडचोळपुरम आणि दारासुरम ही तिन्ही मंदिरे मिळून जागतिक वारसा यादीत असूनही आपल्या सहली पहिल्यावरच थांबतात. नाचियारकोविलला पितळी समया ओततात, तिरुभुवनमला रेशीम विणतात. दोन्ही गावे जवळच आहेत. दुसऱ्या बाजूला दीड-दोन तासांत समुद्र येतो.

या किनाऱ्यावरील नागपट्टिनम आपल्या लोकांच्या कार्यक्रमात असले तर वेलंकन्नीच्या चर्चपुरते असते. चोळांच्या काळात हे मोठे बंदर होते. सुमात्रा-मलाया भागातील श्रीविजय राज्याच्या राजाने येथे चूडामणी विहार हा बौद्ध मठ बांधवला, आणि शिवभक्त राजराजाने त्याच्या खर्चासाठी आनैमंगलम गावाचे उत्पन्न लावून दिले. ‘लायडन ताम्रपट’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या दानपत्रात ही हकिकत आहे. पुढे राजराजाच्या मुलाने, राजेंद्राने, १०२५ च्या सुमारास त्याच श्रीविजयावर आरमार पाठवले, तेव्हा मैत्री आणि व्यापारातली चढाओढ या दोन्ही गोष्टी त्या काळीही शेजारीशेजारी नांदत होत्या असे म्हणायला हरकत नाही. विहार आज उरलेला नाही. थोड्या अंतरावर नागोरचा दर्गा आहे, आणि त्याच्या मिनारांपैकी सर्वांत उंच मिनार तंजावरच्या प्रतापसिंहराजांनी बांधवला. मराठी राजाने तमिळ किनाऱ्यावरील सुफी संताच्या दर्ग्याला मिनार बांधून द्यावा, ही गोष्ट आपल्या सहलीत कोणी सांगत नाही, कारण बस तेथे जातच नाही.

तरंगंबाडी हे मला या किनाऱ्यावरचे सर्वांत बोलके गाव वाटते. तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून डेन्मार्कच्या लोकांनी १६२० मध्ये येथे वखार घातली आणि समुद्रालगत डान्सबोर्ग किल्ला उभारला. १८४५ साली तो सर्व कारभार त्यांनी इंग्रजांना विकून टाकला. १७०६ मध्ये आलेल्या झीगेनबाल्ग या जर्मन धर्मोपदेशकाने येथे तमिळ शिकून घेतली, छापखाना चालवला आणि बायबलच्या ‘नव्या करारा’चे तमिळ भाषांतर छापले. वेशीच्या पांढऱ्या कमानीतून आत शिरले की सरळ रस्ता समुद्राकडे जातो. दोन्ही अंगांना जुनी चर्चे व बंगले, आणि टोकाला, लाटा जवळजवळ पायथ्याशी येतील असे मासिलामणीनाथाचे मंदिर, ज्याचा पुढचा भाग समुद्राने केव्हाच गिळला. शिवमंदिर, डॅनिश किल्ला, प्रॉटेस्टंट चर्च आणि कोळ्यांच्या होड्या हे सर्व पंधरा मिनिटांच्या पायी फेरीत पाहता येते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूची सर्वाधिक प्राणहानी याच नागपट्टिनमच्या किनारपट्टीवर झाली. तेव्हा तेथील कोळीवाड्यात शिरून कॅमेरे रोखण्यापूर्वी आपण थोडा विचार करावा, एवढे सुचवावेसे वाटते.

तिरुपतीला जाणारे आपले बहुसंख्य लोक राहू-केतूच्या पूजेसाठी श्रीकालहस्तीलाही जातात. पूजा होते, प्रसाद मिळतो, बस सुटते. या गावाच्या नावाने ओळखली जाणारी कलमकारी मात्र त्यांच्या दृष्टीस पडत नाही. मंदिरात टांगण्यासाठी रामायण-महाभारतातील प्रसंग कापडावर रंगवण्याची ही कला. कोरे सुती कापड हिरड्याच्या काढ्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवून वाळवतात. हिरड्यामुळे रंग धरतो आणि दुधातल्या स्निग्धतेमुळे तो फुटत नाही. बांबूच्या टोकदार काडीला वर चिंधी गुंडाळून केलेली लेखणी रंगात बुडवतात आणि चिंधी बोटांनी दाबत दाबत रेघ ओढतात. काळा रंग म्हणजे गंजके लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून केलेला अर्क. तांबड्यासाठी आधी तुरटी लावायची, मग मुळ्यांच्या काढ्यात कापड उकळायचे. जेथे तुरटी आहे तेथेच रंग चढतो. प्रत्येक टप्प्यानंतर कापड वाहत्या पाण्यात धुवावे लागते, त्यामुळे नदी आटली की कामही अडते. स्वातंत्र्यानंतर ही कला मोडकळीस आली असताना कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या प्रयत्नांनी ती पुन्हा उभी राहिली. याच राज्यात मछलीपट्टणम बंदराजवळच्या पेडनाला कलमकारीचे दुसरे रूप आहे. तेथे लेखणीऐवजी लाकडी ठसे वापरतात आणि देवादिकांऐवजी वेलबुट्ट्या काढतात, कारण हे कापड मुख्यतः इराणकडे आणि पुढे डच-इंग्रज वखारींमार्फत युरोपात जाई. एक कला देवळाकडे तोंड करून बसली आणि दुसरी समुद्राकडे, म्हणून त्यांची चित्रेही वेगळी झाली.

बंगळूरहून लेपाक्षीला जाणाऱ्यांनी धर्मावरमजवळचे निम्मलकुंटा गाव अवश्य गाठावे. तेथे चामड्याच्या पारदर्शक बाहुल्या करतात आणि पडद्यामागे दिवा ठेवून त्यांचा खेळ करतात. या कलावंतांपैकी अनेकांचे पूर्वज मराठी मुलखातून आल्याचे मानले जाते, आणि त्यांच्या घरातल्या बोलीत आजही मराठीची खूण पटते. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर मंडळींच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या भेटीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

केरळविषयी थोडक्यात लिहितो, कारण हाउसबोट व चहाचे मळे यांच्या पलीकडचा केरळ हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे. पंपा नदीकाठच्या आरन्मुळा येथे पार्थसारथीच्या मंदिराजवळ तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचा आरसा करतात. त्यात प्रतिबिंब काचेमागून न येता थेट पृष्ठभागावरच उमटते, त्यामुळे त्यावर बोट टेकवले तर बोट आणि प्रतिबिंब यांत फट दिसत नाही. कोचीच्या मट्टांचेरीत १५६८ सालचे परदेशी ज्यूंचे प्रार्थनास्थळ पाहायला सगळे जातात. परंतु गोव्याहून गेलेल्या कोकणी भाषकांनी त्याच परिसरात उभारलेले तिरुमल देवस्थान आपल्या अगदी जवळच्या माणसांचे असूनही चुकते. कर्नाटकात बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर चन्नपट्टणला लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी लेथवर घडताना पाहता येतात. सहलीच्या बसेस तेथून रोज जातात, थांबतात मात्र क्वचित, आणि तेही चहासाठी.

या सूचनेवर दोन आक्षेप येतील याची मला जाणीव आहे. पहिला असा की, सहलीतील बहुतेकांना देवदर्शन हवे असते, कारागिरीत रस नसतो. हे मला पटत नाही. कांचीपुरमला साडी घेणाऱ्या बाई तिच्यावर काही हजार रुपये खर्च करतात. ती साडी कशी विणली जाते हे पाहण्याचा रस त्यांना नसेल असे मानणे हा त्यांचा अपमान आहे. अस्सल कांचीपुरम साडीत काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणून जोडले जातात. या कोरवै पद्धतीत तीन धोटे चालवावे लागतात आणि जुन्या मागावर विणकराला शेजारी मदतनीसही लागतो. काठ व अंग जिथे मिळतात तिथे दातेरी रेघ दिसते. रेशीम कर्नाटकातून येते, जर सुरतेहून येते, आणि विणतो तो कांचीत. मागाजवळ अर्धा तास उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून विकणे अवघड जाते, आणि मला वाटते की ठरावीक दुकानांशी बांधलेल्या व्यवस्थेला हीच खरी अडचण आहे. सिल्क मार्क, हँडलूम मार्क, भौगोलिक मानांकन या खुणांची माहिती बसमध्येच दहा मिनिटांत देता येते. सहकारी संस्थांची, को-ऑप्टेक्स या हातमाग विणकरांच्या संस्थेची आणि तामिळनाडू हस्तकला महामंडळाची ‘पूम्पुहार’ दालने आहेतच. तेथे थंड पेय मिळणार नाही, पण भाव लिहिलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चाळीस जणांची बस स्वामीमलईच्या एका गल्लीत रिकामी केली तर कारागिराचे काम थांबेल, साच्यावर कोणाचा तरी पाय पडेल आणि लवकरच त्या कार्यशाळाही प्रदर्शनाची दुकाने होतील. म्हणून गट लहान करून वेगवेगळ्या कार्यशाळांत पाठवावा, आधी कळवावे, कारागीरही दुपारी जेवतात हे ध्यानात ठेवून वेळ विचारून घ्यावी, आणि मुख्य म्हणजे पाहण्याचे शुल्क द्यावे. काही विकत घेतले नाही तरी त्याच्या दोन तासांचा मोबदला त्याला मिळाला पाहिजे, आणि तो सहलीच्या रकमेत आधीच धरलेला असावा. कारागिराच्या ओट्यावर बसून भाजीबाजारासारखी घासाघीस करण्याची आपली सवय तर घरीच ठेवून जावी. जी मूर्ती पूर्ण होण्यास महिना लागला तिची किंमत निम्म्यावर मागताना आपण काय मागतो आहोत, याचे भान सुशिक्षितांनाही राहत नाही हे मी पाहिले आहे.

हंगामाविषयी एक गोष्ट आयोजकांनी ग्राहकांना स्पष्ट सांगायला हवी आणि ते सहसा सांगत नाहीत. आपला पाऊस संपतो तेव्हा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पावसाला सुरुवात होते. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमक्या दिवाळीच्या सुटीच्या काळात, नागपट्टिनम व आसपासचा भाग मुसळधार पावसात आणि अधूनमधून चक्रीवादळात सापडतो. त्या दिवसांत ना तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर फिरता येते, ना स्वामीमलईत साचे नीट वाळतात. पोंगल आटोपल्यावरचा, जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा असतो. शाळेत जाणारी मुले नसलेल्या ज्येष्ठांना दिवाळीतच जाण्याची सक्ती कोणी केली आहे, हे मला कळलेले नाही.

आपल्याकडे माझी विनंती अशी आहे. आपल्या पर्यटन पुरवणीत दक्षिणेवरचे लेख येतात तेव्हा त्यांत मंदिराच्या उंचीबरोबर त्याच्या दुपारच्या बंद वेळा, पेहरावाचे नियम आणि तासाभराच्या अंतरावरील कारागिरांची गावे यांचा तक्ता नियमितपणे छापावा. केरळातील अनेक मंदिरांत पुरुषांना अंगरखा काढून धोतर किंवा मुंडू नेसूनच आत जाता येते, हे दारात पोहोचल्यावर कळून रांगेतून परत फिरणारी माणसे आजही दिसतात. तंजावरच्या मराठी शिलालेखाचे व सरस्वती महालातील मराठी संग्रहाचे सविस्तर, छायाचित्रांसह वर्णन जाणकारांकडून लिहवून घ्यावे; बृहदीश्वराच्या आवारात तो लेख नेमका कोठे आहे याचा साधा नकाशा दिला तरी पुष्कळ काम होईल. आणि सहलींच्या जाहिराती स्वीकारताना आयोजकांना दोन प्रश्न विचारण्याची प्रथा आपल्या जाहिरात विभागाला सुरू करता आली तर पाहावे: खरेदीसाठी गट कोणत्या दुकानांत नेला जाईल, आणि त्या दुकानांकडून कोणाला वाटा मिळतो. उत्तर देणे ज्यांना अडचणीचे वाटेल त्यांनी ते रकाने कोरे ठेवावेत. वाचक त्यावरून काय ते समजून घेतील.

कळावे.

आपला,
एक नियमित वाचक